औलूत पहिला हिवाळा सायकलवर : टायर, कपडे, अंधार, आणि घरच्यांची काळजी

मुळामुठा

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये आम्ही पुण्याहून फिनलंडला, औलूला आलो. मी इथल्या विद्यापीठात संशोधनाच्या नोकरीवर आहे. घर तुइरात, काम लिन्नानमाला, म्हणजे एका बाजूला चार-साडेचार किलोमीटर. आल्या आल्या एक जुनी सायकल घेतली. तीन गिअरची, उलटं पायडल मारलं की मागचा ब्रेक लागतो ती. पुण्यात कॉलेजला गाडी मिळाली तशी सायकल सुटली होती. इथे परत हातात आली आणि तिचा असा लळा लागलाय की बसचा पास काढायला मन घेत नाही.

आता ऑक्टोबर संपत आला. परवा सकाळी पहिल्यांदा बर्फ भुरभुरला. विभागातल्या लोकांना विचारलं, हिवाळ्यात कसे येता? "सायकलनं", एवढंच उत्तर मिळतं, आणि यात विचारण्यासारखं काय आहे असा चेहरा. घरी बरोबर उलट. सासूबाई रोज व्हिडिओ कॉलवर बजावतात की बर्फात सायकल काढायची नाही. नवरा म्हणतो, पहिला हिवाळा बसनं जा, मग बघू. मला दोन्ही बाजू ऐकून घ्यायच्या आहेत, पण ज्यांनी प्रत्यक्ष चालवली आहे त्यांच्याकडून.

खिळ्यांचे टायर खरंच लागतात का? लागत असतील तर दोन्ही चाकांना की फक्त पुढच्या? दोन टायरची किंमत माझ्या सायकलच्या किमतीच्या वर जातेय. किती थंडीपर्यंत चालवता येते? आणि अंधाराचं काय करायचं? लेक पाच वर्षांची आहे. सध्या तिला मागच्या सीटवर बसवून पाळणाघरात सोडते आणि पुढे जाते. ते हिवाळ्यात चालेल का?


सावलीतलं_ऊन

मी हेलसिंकीत असतो. माझा सल्ला तुमच्या यजमानांसारखाच आहे. दुसऱ्या हिवाळ्यात ऑफिसच्या दारापासून पन्नास पावलांवर सायकल पायाखालून निघून गेली आणि उजवं मनगट मोडलं. रस्ता ओला दिसत होता. पाणी समजून सरळ गेलो, पण तो बर्फाचा पापुद्रा होता. वेग अगदी कमी होता, टायर साधे होते. सहा आठवडे प्लास्टर, त्यानंतर फिजिओ. डाव्या हातानं दाढी करण्यापासून सगळं नव्यानं शिकावं लागलं. आता नोव्हेंबर ते मार्च मी ट्राम आणि मेट्रोनं जातो. लहान मूल मागे असताना तर विचारही करू नका.


मिरजकर

मुळामुठा, मी औलूत दहा-बारा वर्षं आहे. घर कार्यासिल्तात, काम लिन्नानमाला. म्हणजे नदीवरचे पूल ओलांडून तुमच्या तुइरातूनच रोज जातो, सात-आठ किलोमीटर, बारा महिने. जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न नव्यानं येणारे सगळेच विचारतात आणि त्यांना बहुतेक वेळा नुसती भीती किंवा नुसती फुशारकी ऐकायला मिळते.

आधी सावलीतलं_ऊन यांच्याबद्दल. मनगटाचं वाचून वाईट वाटलं. त्यांनी लिहिलंय ते शब्दशः खरं आहे, पण ते हेलसिंकीचं खरं आहे. तिथे समुद्राला लागून शहर, आणि तापमान हिवाळ्यात पुन्हा पुन्हा शून्याच्या वरखाली होतं. दिवसा वितळतं, रात्री गोठतं, त्यावर पाऊस पडतो. औलूतही समुद्र आहे, पण तो गोठतो. इथे जानेवारीची सरासरी उणे नऊच्या आसपास असते, आणि एकदा बसलेला बर्फ बहुतेक वर्षी एप्रिलपर्यंत जागचा हलत नाही. इथलं सायकल चालवणं त्या न हलणाऱ्या बर्फावर उभं आहे. म्हणून उणे वीसला तुम्ही जितक्या घाबरताय त्याच्या निम्मंही घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते शून्याला.

कडक थंडीत बर्फ कोरडा असतो. उणे आठ-दहाच्या खाली गेला की चाकाखाली करकर वाजायला लागतो. तो आवाज आला की आज पकड चांगली आहे हे मला अंगणातच कळतं. महापालिका बर्फ काढते तेव्हा सायकलच्या वाटेवरचं डांबर उघडं पाडायच्या मागे लागत नाही. वरचा भुसभुशीत थर ढकलून देते आणि खालचा दाबलेला थर तसाच ठेवते. यंत्राच्या पात्याला दाते असतात, त्यामुळे वाटेवर बारीक रेघा उमटतात, आमच्याकडे उसाला सऱ्या पाडतात तशा, फक्त बोटाच्या पेराहून उथळ. त्या रेघांवर टायर छान धरतो. मीठ टाकत नाहीत, हे सर्वांत महत्त्वाचं. मिठानं वरचा थर वितळून राडा होतो, आणि राड्यात चाक कुठे जाईल सांगता येत नाही. जिथे गुळगुळीत झालं असेल तिथे खडी पसरतात.

हे सगळं या शहरानं सत्तरच्या दशकापासून हळूहळू बांधत आणलंय. नऊशे किलोमीटरच्या वर सायकल आणि पायी जायच्या वाटा, तीनशेच्या वर भुयारी मार्ग. त्यामुळे मोठा रस्ता ओलांडायला सिग्नलला थांबून गारठावं लागत नाही. हिवाळी सायकलिंगची पहिली जागतिक परिषद २०१३ साली इथेच झाली. औलूतल्याच मेत्सोकांगसच्या शाळेबाहेर उणे सतरात उभ्या असलेल्या सायकलींचा फोटो तुम्ही पाहिला असेल. बाराशे मुलांच्या त्या शाळेत हजारेक मुलं सायकलनं येतात. ती मुलं काही धाडसी जातीची नाहीत. त्यांच्या घरापासून शाळेपर्यंतची वाट सकाळी साफ झालेली असते, इतकंच. सासूबाईंना तो फोटो जरूर पाठवा. माझ्या आईला मी अशीच आमच्या वाटेवरची क्लिप पाठवली होती, शाळेतली पोरं दप्तर घेऊन चालली आहेत अशी. त्यानंतर तिनं सायकलबद्दल विचारणं सोडलं, जेवणाबद्दल अजून विचारते.

आता धोका कुठे आहे ते. तुमच्यापुढचे येते तीन-चार आठवडे, आणि नंतर मार्चअखेर ते एप्रिल. या दिवसांत तापमान शून्याच्या दोन्ही बाजूंना हिंडतं. भुयारी मार्गाला दोन्हीकडून उतार असतो. दुपारी वितळलेलं पाणी तळाशी साचतं आणि पहाटेपर्यंत त्याची काच होते. वरून ओलं डांबर दिसतं. तिथे पोचल्यावर ब्रेक मारायचा नाही, हँडल वळवायचं नाही, पायडलला जोर द्यायचा नाही. वेग उतारावरच कमी करून घ्यायचा आणि सायकल सरळ जाऊ द्यायची. पडलेल्या पानांवर ताजा बर्फ असेल तर तिथेही हाच नियम.

म्हणून खिळ्यांचे टायर. होय, घ्या, आणि पहिल्या हिवाळ्यात दोन्ही घ्या. दुकानात "नस्तारेंगास" म्हटलं की समजतात. खूप स्थानिक लोक साध्या टायरवर हिवाळा काढतात हे तुम्हाला दिसेलच. पण त्यांचं शरीर लहानपणापासून घसरणं सांभाळत आलंय, आपलं नाही. पैसे एकाच टायरपुरते असतील तर तो पुढे लावा. मागचं चाक सरकलं तर पाय टेकवून सावरता येतं. पुढचं सरकलं की माणूस जमिनीवर आल्यावरच त्याला कळतं. टायर घेताना खिळ्याच्या टोकाला टंगस्टन कार्बाइड आहे ना हे विचारा. नुसते पोलादी खिळे डांबरावर एका हंगामात घासून जातात. कार्बाइडचे माझे चौथ्या-पाचव्या हिवाळ्यातही शाबूत आहेत. त्या हिशेबानं किंमत जड नाही. नवे टायर लावल्यावर पहिले तीस-चाळीस किलोमीटर मोकळ्या डांबरावर सावकाश चालवा, जोरात ब्रेक न मारता, म्हणजे खिळे रबरात नीट बसतात. निसरड्या दिवशी हवा थोडी कमी ठेवा, म्हणजे बाजूचे खिळेही जमिनीला लागतात. हवेचा खालचा आकडा टायरच्या कडेवर छापलेला असतो, त्याच्या खाली मात्र जाऊ नका.

तुमची पायब्रेकची सायकल हिवाळ्याला उत्तम आहे, बदलायच्या भानगडीत पडू नका. ब्रेकला केबल नाही, त्यामुळे केबलमध्ये पाणी जाऊन गोठायचा प्रश्न नाही. गिअर हबच्या, म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या गोल भागाच्या, आत बंद आहेत. फक्त हबमधलं ग्रीस जुनं असेल तर कडक थंडीत ते घट्ट होतं आणि ब्रेक उशिरा धरतो. निघताना दारातच दोनदा उलटं पायडल मारून बघायचं, ही सवय लावून घ्या. आणि सायकल घरात-बाहेर करू नका. घरात आणली की अंगावरचा बर्फ वितळतो, पाणी फटीफटीत शिरतं, बाहेर नेली की तिथेच गोठतं. इमारतीची थंड सायकलखोली असेल तर तिथेच राहू दे. कुलपात आधीच कुलपाचं तेल सोडून ठेवा. गोठलेल्या कुलपावर गरम पाणी ओतलं तर तासाभरानं ते जास्त घट्ट गोठतं.

कपड्यांबद्दल एकच गोष्ट मनापासून सांगतो : कमी घाला. दारातून बाहेर पडल्यावर पहिली पाच मिनिटं थंडी वाजली पाहिजे. वाजली नाही तर दोन किलोमीटरवर घाम येणार, आणि घामानं भिजलेला माणूस सिग्नलला दोन मिनिटं थांबला तरी कुडकुडतो. आत पातळ लोकरीचं, वर वारा अडवणारं जाकीट, उणे दहापर्यंत माझं एवढ्यात भागतं. सुती बनियन घरी ठेवा, ते घाम धरून ठेवतं. पैसे खर्च करायचे ते हात, पाय आणि कानांवर. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा सगळी बोटं एकत्र राहणारे मोजे उबदार. बूट एक नंबर मोठे घ्या, आत जाड लोकरी मोजा. बूट घट्ट झाला तर रक्त फिरत नाही आणि मग कितीही मोजे घाला, अंगठा बधिर होतो.

एक लक्षात ठेवा, वारा नसला तरी तुमचा वेग हाच वारा असतो. उणे वीसला ताशी वीस किलोमीटरनं गेलात तर उघड्या गालाला उणे तीससारखं लागतं. तेव्हा गालावर पांढरा डाग दिसतोय का, हे शेजारून जाणाऱ्यालाच आधी दिसतं. मला एकदा पुलावर एका अनोळखी आजीबाईंनी थांबवून दाखवला होता. हात लावून तो गाल ऊब येईपर्यंत झाकून धरायचा, चोळायचा नाही. उणे पंचवीसच्या खाली मी स्वतः बसनं जातो.

अंधार. डिसेंबरच्या शेवटी साडेदहाच्या सुमाराला उजाडतं आणि दोनच्या सुमाराला मावळतं, म्हणजे जाणं-येणं दोन्ही अंधारात. मुख्य वाटांवर दिवे आहेत, आणि बर्फ पडला की त्याच दिव्यांत उजेड जास्त होतो. खरा काळोख नोव्हेंबरचा, बर्फाआधीचा. पुढे पांढरा, मागे लाल दिवा हवा. २०२० च्या वाहतूक कायद्यापासून मागचाही सक्तीचा आहे. चार्जिंगचे दिवे थंडीत लवकर मान टाकतात, ते काढून खोलीत न्या.


सेंट_लॉरेन्सकाठी

मिरजकरांचं वाचून हेवा वाटला. मी मॉन्ट्रियलला असते आणि आमच्याकडची गोष्ट अर्धी हेलसिंकीची, अर्धी औलूची आहे. उणे वीसही येतं आणि जानेवारीत मधेच पाऊसही पडतो. आमच्याकडे मीठ भरपूर टाकतात. २०२० मध्ये सेंट डेनिस रस्त्यावर सायकलसाठी वेगळी, कठड्यानं राखलेली वाट झाली, तेव्हापासून माझं हिवाळ्यात चालवणं सुरू झालं. त्याआधी गाड्यांच्या बाजूनं, बर्फाच्या ढिगाऱ्याला खेटून जायची माझी हिंमत नव्हती. २०२३च्या हिवाळ्यापासून भाड्याच्या बिक्सी सायकलीही काही भागांत थंडीत चालू ठेवायला लागले, खिळ्यांच्या टायरसकट. ज्यांना स्वतःची सायकल मिठात घालायची नाही त्यांची मोठी सोय झाली.

मिठाचं दुखणं चेनला होतं. दोन आठवडे दुर्लक्ष केलं की चेन तांबडी होते आणि कड्या आखडतात. मी दर एक-दोन दिवसांनी जुन्या फडक्यानं चेन पुसते आणि ओल्या हवेसाठी येतं ते जाड तेल एकेका कडीवर थेंब-थेंब सोडते. औलूत मीठ नाही म्हणून मुळामुठा यांचं हे काम वाचेल, पण मोठ्या रस्त्यांच्या कडेनं जावं लागत असेल तर तपासत राहा.

मिरजकरांनी मडगार्डचं लिहिलं नाही, ते मी लिहिते. खिळ्यांचा टायर जाड असतो. मडगार्ड आणि टायरमध्ये बोटभर तरी जागा हवी, नाहीतर ओला बर्फ आत ठासून बसतो, हळूहळू गोठतो आणि चाक जाम होतं. माझ्याबरोबर हे एका चढावर झालं. खाली उतरून किल्लीनं बर्फ खरवडून काढावा लागला, मागे चार जण शांतपणे थांबले होते. मडगार्ड काढून टाकू नका मात्र, वितळायच्या दिवसांत पाठीवर गढूळ पाण्याचा पट्टा उमटतो. आणि विजेवर चालणारी सायकल पुढेमागे घेतलीत तर बॅटरी रोज घरात न्यायची. शून्याखाली असलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही, आधी खोलीच्या उबेला येऊ द्यायची. थंडीत तिचा पल्ला चांगलाच कमी होतो, तेवढं गृहीत धरून निघायचं.


मुळामुठा

सगळ्यांचे खूप आभार. सावलीतलं_ऊन, तुमचं मनगट आता ठीक असेल अशी आशा. भुयारी मार्गाचं वाचून मी आज मुद्दाम थांबून पाहिलं. आमच्या वाटेवर आहेच एक, आणि तळाशी अगदी तसाच ओला चट्टा होता. बुटाच्या टोकानं दाबून पाहिलं तर कडक. तुम्ही तिघांनी लिहिलं नसतं तर मी त्यावरून ब्रेक मारत गेले असते.

मिरजकरदादा, लेकीचं राहिलं. तिला मागे बसायला फार आवडतं. रस्ताभर गाणी म्हणते. सोडवत नाहीये.


मिरजकर

राहिलं खरं, आणि तेच सर्वांत विचार करून लिहायला हवं.

पहिल्या हिवाळ्यात तिला मागच्या सीटवर घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण दोन. पाच वर्षांचं मूल म्हणजे अठरा-वीस किलो वजन, आणि तेही सीटच्या उंचीवर. कोरड्या रस्त्यावर ते जाणवत नाही, पण चाक बोटभर सरकलं की तोल सावरायला जो क्षण मिळतो तो या वजनामुळे मिळत नाही. तुम्हाला स्वतःला अजून बर्फाचा हात बसलेला नाही. दुसरं म्हणजे, तुम्ही पायडल मारता म्हणून तुम्हाला ऊब येते. ती नुसती बसलेली असते. तुम्हाला घाम फुटतो तेव्हा तिचे पाय गारठलेले असतात, आणि पाच वर्षांची पोर गाण्याच्या नादात ते सांगत नाही.

पाळणाघर घराजवळ असेल तर इथले आईबाप करतात तेच करा. प्लास्टिकची घसरगाडी, "पुल्का" म्हणतात, दोरीनं ओढत तिला त्यात बसवून न्यायचं. स्वस्त मिळते, पाळणाघराच्या दारात ठेवता येते. सायकल हातात धरून चालत जा आणि तिथून पुढे सायकलवर बसा. आमच्या मुलाला आम्ही असंच नेलं, आणि त्याला सायकलच्या सीटपेक्षा ते आवडायला लागलं. लांब असेल तर दोन चाकांची मागे जोडायची गाडी वापरलेली शोधा. ती जमिनीलगत असते, तुमची सायकल आडवी झाली तरी चांगल्या जोडणीची गाडी उभी राहते. आत मेंढीचं कातडं अंथरायचं, वर ब्लँकेट. पाठीमागे उंच काठीवर झेंडा आणि लाल दिवा लावायचा.

हेल्मेटखाली जाड कानटोपी घालू नका, तिलाही नाही आणि तुम्हीही नाही. हेल्मेट वर चढून बसतं आणि पट्टा सैल होतो. पातळ लोकरी टोपी मिळते, कान झाकणारी, ती घ्या.

राहता राहिला एप्रिल. बर्फ गेला की हिवाळाभर टाकलेली खडी वाटेवर उघडी पडते. ती धारदार असते, साध्या टायरमध्ये घुसते. यंत्रं येऊन झाडून नेईपर्यंत खिळ्यांचे टायर काढायची घाई करू नका, आणि एक जादा ट्यूब जवळ ठेवा. त्या दिवसांत धूळही फार उडते, दम्याचा त्रास असेल तर तोंडावर फडकं बांधा.

टायर घ्यायला जाण्याआधी तुमच्या आताच्या टायरच्या कडेवर बघा. ४७-६२२ असं काहीतरी कोरलेलं असेल. पहिला आकडा टायरची जाडी, दुसरा टायर बसतो त्या रिमचा व्यास, दोन्ही मिलीमीटरमध्ये. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे, पहिल्यात थोडं मागेपुढे चालतं. तो आकडा आणि मडगार्डखाली किती जागा आहे त्याचा एक फोटो इथे टाका. या शनिवारी मी माझे टायर बदलणारच आहे. तुमचे आणलेले असतील तर तुइरात येऊन दोन्ही चाकं चढवून देतो. पायब्रेकचं मागचं चाक काढताना फ्रेमला धरलेली पट्टी आधी सोडावी लागते, ते एकदा बघून ठेवलंत की पुढच्या वर्षी तुमचं तुम्हाला जमेल. दहाचा पाना लागेल, आणि चाकाच्या नटांना पंधराचा. दोन्ही माझ्याकडे आहेत.


मुळामुठा

आकडा ४०-६२२ आहे, फोटो टाकलाय. शनिवारी अकराला चालेल का? नवरा म्हणतोय, पट्टी कशी सोडायची ते त्यालाही बघायचंय. दुपारी जेवूनच जायचं आहे, नाही म्हणू नका.